इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर गेम खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैमध्ये कॉलेज प्रवेशांची गडबड सुरू झाली की एकाच धाटणीची विचारणा येऊ लागते. अभ्यासासाठी म्हणून घरच्यांनी लॅपटॉप घेऊन दिलेला असतो, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, आणि आठवड्याभरात मित्राच्या यंत्रावर पाहिलेला गेम आपल्याकडे का अडखळतो हा प्रश्न उभा राहतो. गेल्या काही हंगामांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विंडोज असलेल्या लॅपटॉपांना धरून लिहिली आहेत.

१. इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणजे नेमके काय, आणि ते वेगळ्या कार्डापेक्षा कमी का पडते?

ज्या चिपमध्ये प्रोसेसर असतो त्याच चिपवर चित्र काढणारा भागही बसवलेला असतो. त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. त्याची दोन दुखणी आहेत. पहिले असे की त्याला स्वतःची मेमरी नसते आणि ते लॅपटॉपच्या रॅमवरच गुजराण करते. डीडीआर४-३२०० प्रकारची एक रॅमपट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेऊ शकते, आणि तीही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते. याउलट जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाच्या जीडीडीआर५ मेमरीची वाट १२८ जीबीची असते आणि ती त्या कार्डाच्या एकट्याच्या मालकीची असते. दुसरे दुखणे विजेचे. पातळ लॅपटॉपातील चिपला साधारणपणे १५ ते २८ वॅट मिळतात आणि तेवढ्यात प्रोसेसर व ग्राफिक्स या दोघांचे भागवायचे असते, तर लॅपटॉपातले जीटीएक्स १६५० एकटेच ५० वॅटपर्यंत वापरते. पुढची बहुतेक उत्तरे या दोन टंचायांतूनच निघाली आहेत.

२. माझ्याकडे कोणते ग्राफिक्स आहे हे कसे ओळखावे, आणि त्यात चांगले कोणते?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स या विभागात जीपीयूवर टिचकी मारल्यास उजव्या कोपऱ्यात नाव दिसते. इंटेलचे यूएचडी ६२०, जे नूतनीकरण करून विकल्या जाणाऱ्या ऑफिसच्या लॅपटॉपांत सर्रास आढळते, त्यात २४ एक्झिक्यूशन युनिट (चित्राची गणिते करणारे घटक) असतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या अकराव्या पिढीपासून आयरिस एक्सई सुरू झाले, ज्यात आय५-११३५जी७ मध्ये ८० तर आय७-११६५जी७ मध्ये ९६ युनिट मिळतात. एएमडीचे व्हेगा ७ आणि व्हेगा ८ या दोहोंच्या मधले समजावे, तर रेडिऑन ६८०एम आणि ७८०एम यांत प्रत्येकी १२ कंप्यूट युनिट असून ही दोन्ही वरच्या पायरीची आहेत. (इंटेलची युनिट आणि एएमडीची युनिट यांची थेट तुलना करू नये, मोजमाप वेगळे आहे.)

एका सापळ्याकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधतो. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकून रायझन ५ ५५००यू पेक्षा ते दोन पिढ्या पुढचे वाटते, प्रत्यक्षात त्यातील रेडिऑन ६१०एम मध्ये केवळ दोन कंप्यूट युनिट आहेत आणि जुन्या ५५००यू मध्ये सात. गेमसाठी घेणाऱ्याने मॉडेलच्या क्रमांकापेक्षा ग्राफिक्सचे नाव विचारावे.

३. खरोखर कोणते गेम चालतात?

यूएचडी ६२० वर स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट, सेलेस्ट, पोर्टल २ हे गेम निवांत चालतात. हेड्ससाठी रेझोल्यूशन (पडद्यावर रंगवल्या जाणाऱ्या बिंदूंची संख्या) थोडे खाली आणावे लागते. व्हॅलरंटच्या किमान अपेक्षांच्या यादीत इंटेल एचडी ४००० चे, म्हणजे २०१२ सालच्या ग्राफिक्सचे, नाव आहे, यावरून तो गेम किती हलका ठेवला आहे हे कळते. जीटीए ५ ची जुनी आवृत्ती ७२०पी (१२८० बाय ७२० बिंदू) आणि सर्वांत खालच्या सेटिंगवर खेळण्याजोगी होते. २०२५ मध्ये आलेल्या एन्हान्स्ड आवृत्तीच्या वाटेला मात्र जाऊ नये. आयरिस एक्सई किंवा व्हेगा असल्यास पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी हा २०२० चा गेमही सेटिंग उतरवून खेळता येतो. राजस्थानी किल्ल्यांच्या आणि भिंतीचित्रांच्या वळणाची त्याची रेखाटने कमी रेझोल्यूशनवरही शोभतात, हे माझे मत.

काउंटर-स्ट्राइकबद्दल सर्वाधिक नाराजी ऐकू येते. जुना ग्लोबल ऑफेन्सिव्ह अशा लॅपटॉपांवर व्यवस्थित चालत असे. २७ सप्टेंबर २०२३ रोजी त्याची जागा काउंटर-स्ट्राइक २ ने घेतली आणि तो बराच जड आहे. तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही, गेम बदलला आहे.

४. रॅम वाढवल्याने गेमचा वेग वाढतो का, की ती केवळ दुकानदाराची विक्रीची युक्ती आहे?

वाढतो, आणि एवढ्या खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी कोणतीही गोष्ट या लॅपटॉपांत करता येत नाही. मात्र त्याचे कारण नीट समजून घ्यावे. रॅम ८ ची १६ जीबी झाली यापेक्षा एका पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या हे गेमच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते, कारण दोन पट्ट्या असल्या की मेमरीचे दोन मार्ग एकदम वापरले जातात आणि प्रश्न १ मधली २५.६ जीबीची वाट ५१.२ जीबीची होते. १६ जीबीची एकच पट्टी टाकणाऱ्याला हा लाभ मिळत नाही.

माझ्या भाच्याचा लॅपटॉप याचे चांगले उदाहरण ठरेल. खोक्यावर आयरिस एक्सई छापलेले, आणि विंडोजमध्ये मात्र नुसते "यूएचडी ग्राफिक्स". त्याने मला फसवणूक झाल्याचे कळवले. दादरच्या घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तो पालथा घातला, स्क्रू एका वाटीत काढले, बंद पडलेल्या सिमचे जुने कार्ड फटीतून फिरवत मागचे झाकण सोडवले. आत एका खाचेत ८ जीबीची पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी. इंटेलने आयरिस एक्सई हे नाव दोन मार्गांच्या मेमरीशी बांधलेले आहे. एकच पट्टी असेल तर तीच चिप स्वतःला यूएचडी म्हणवते. तशीच दुसरी पट्टी बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही वेळ काळा राहिला (नवी मेमरी तपासली जात असताना असे होते, घाबरून बटण दाबू नये) आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयरिस एक्सई हे नाव उमटले. तोच गेम, त्याच सेटिंग, आणि तिशीच्या आत घुटमळणारे फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) चाळिशी ओलांडून गेले.

५. माझ्या लॅपटॉपात दुसरी पट्टी बसेल का, आणि ती विकत घेताना काय पाहावे?

टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात वापरलेल्या खाचांची संख्या दिसते, "२ पैकी १" अशी. हा आकडा कधी कधी चुकतो, विशेषतः मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली रॅम असलेल्या यंत्रांत, म्हणून मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. ते उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. तीन प्रकार आढळतात: पट्ट्या बदलता येतील अशा दोन खाचा, एक पट्टी पक्की व एक खाच, किंवा सगळीच रॅम पक्की. वर्णनात एलपीडीडीआर हा शब्द असेल तर बहुतेक सर्व लॅपटॉपांत तिसरा प्रकार असतो, आणि मग रॅमचा विषय तिथेच संपतो.

पट्टी डीडीआर४ आहे की डीडीआर५ हे आधी निश्चित करावे. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, डीडीआर५ ला २६२, मधली खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मुंबईतल्या संगणकाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने विचारल्यास टॅक्सीवालाही क्षणभर थांबतो) जाताना जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. एकदा केवळ "आठ जीबी, लॅपटॉपची" एवढेच सांगून मी पट्टी घेऊन आलो, आणि घरी पाहतो तो ती डीडीआर३. चूक सर्वस्वी माझी, हेलपाटा मात्र भर पावसातला. बिल घ्यावे, कारण वॉरंटी बिलावरच मिळते, आणि तेथील बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवावे. भाव आठवड्यागणिक बदलतात, म्हणून येथे देत नाही.

६. ८ जीबीच्या पट्टीबरोबर ४ जीबीची लावली तर चालेल का?

चालेल. इंटेलच्या यंत्रांत दोन्ही पट्ट्यांचे प्रत्येकी ४ जीबी जोडीने काम करतात आणि उरलेले ४ जीबी एकेरी मार्गाने वापरले जातात. घरात ४ जीबीची पट्टी पडून असेल तर अवश्य लावावी. नवी घ्यायची असेल तर मात्र सारखीच घ्यावी. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असल्यास दोन्ही कमी वेगाने चालतात.

७. ८ जीबी रॅम असूनही विंडोज ५.९ जीबीच वापरण्याजोगी दाखवते. बाकीची कुठे गेली?

रायझनच्या अनेक लॅपटॉपांत ग्राफिक्ससाठी २ जीबी रॅम आधीच राखून ठेवलेली असते. ती हरवलेली नाही, पण विंडोजला ती देताही येत नाही. काही यंत्रांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीत) हा वाटा कमी-जास्त करण्याची सोय असते. एकूण रॅम ८ जीबीच असेल तर वाटा ५१२ एमबीवर आणून पाहण्यासारखा आहे, कारण गरज पडल्यास विंडोज निम्म्यापर्यंत रॅम ग्राफिक्सला उसनी देतेच. १६ जीबी असेल तर आहे तसे राहू द्यावे. इंटेलच्या यंत्रांत दिसणारा १२८ एमबी हा आकडा नाममात्र असतो आणि त्यावरून चिंता करू नये.

८. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) एक आकडा भरून व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्सची मेमरी, वाढवण्याची युक्ती व्हिडिओत दाखवतात. ती खरी आहे का?

नाही. त्याने फक्त गेमला दाखवला जाणारा आकडा बदलतो, मेमरी आहे तेवढीच राहते. व्हीरॅम कमी असल्याचे कारण देऊन सुरूच न होणारा एखादा जुना गेम त्यामुळे उघडू शकतो, एवढाच उपयोग. खऱ्या वाटणीसाठी प्रश्न ७ पाहा.

९. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास फ्रेम वाढतील का?

फ्रेम वाढत नाहीत. गेम लवकर उघडतो आणि मोठ्या नकाशांत पुढचा भाग उचलताना बसणारे झटके कमी होतात, शिवाय लॅपटॉपचा एरवीचा संथपणा जातो. एसएसडीची एम.२ खाच सॅटा प्रकारच्या जोडणीची आहे की एनव्हीएमई, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच खरेदी करावी.

१०. सेटिंग कमी करायच्याच असतील तर कोणत्या क्रमाने कराव्यात?

आधी रेझोल्यूशन. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात, १२८० बाय ७२० वर ९.२ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक काम एका फटक्यात वाचते. चित्र थोडे धूसर होते, पण पंधरा इंचांच्या पडद्यावर त्याची सवय दोन दिवसांत होते. गेममध्ये एएमडीचे एफएसआर किंवा इंटेलचे एक्सईएसएस असेल तर ते वापरावे: चित्र कमी बिंदूंत काढून मोठे केले जाते आणि अक्षरे, नकाशा इत्यादी ठसठशीत राहतात. एफएसआरच्या ३ पर्यंतच्या आवृत्त्या कोणत्याही कंपनीच्या ग्राफिक्सवर चालतात. एनव्हिडियाचे डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांसाठी आहे, ते येथे उपलब्ध नाही. त्यानंतर सावल्या, मग कडा गुळगुळीत करणारे अँटी-अलायझिंग आणि कोपऱ्यांतला सूक्ष्म अंधार दाखवणारे अँबियंट ऑक्लूजन. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) शेवटी कमी करावे, कारण १६ जीबी रॅम असेल तर त्याचा भार तुलनेने थोडा असतो आणि ते उतरवले की मात्र सारे जग मातीने लिंपल्यासारखे दिसू लागते.

इतके करूनही फ्रेम २५ आणि ५० च्या मध्ये हेलकावे खात असतील तर फ्रेमची मर्यादा ३० वर बांधावी. दर फ्रेम नेमक्या ३३.३ मिलिसेकंदांनी आला तर डोळ्याला तो संथ वाटला तरी सलग वाटतो. कधी २० तर कधी ४० मिलिसेकंदांनी येणारे फ्रेम सरासरीने जास्त असूनही टोचतात. चिपही कमी तापते, ज्याचा संबंध पुढच्या उत्तराशी आहे.

११. पहिली दहा मिनिटे गेम छान चालतो आणि मग अचानक अडखळू लागतो. असे का?

उष्णता. चिप ठरावीक तापमानाला पोहोचली, इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. लॅपटॉपचा पंखा खोलीतल्या हवेपेक्षा चिपला थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती हवाच पस्तिशीकडे गेलेली असते. मुंबईच्या दमटपणाला यासाठी अनेक जण दोष देतात, पण घाम वाळत नाही हे आपले दुखणे आहे, चिपचे नव्हे. तिला फक्त हवेचे तापमान कळते. दमटपणाचा उपद्रव निराळा आहे: त्याने पंख्यावरची धूळ ओली होऊन जाळीला लोकरीसारखी चिकटते, आणि समुद्राकाठच्या घरांत खारी हवा धातूच्या जोडांना हळूहळू गंज चढवते. पावसाळ्यात एसीच्या ऑफिसातून थंडगार लॅपटॉप बाहेर काढून लगेच उघडू नये, त्यावर दव धरते. घरी पोचल्यावर बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा.

उपाय करताना क्रम पाळावा. गादीवर, उशीवर किंवा मांडीवर चादर घेऊन खेळणे प्रथम बंद करावे, कारण हवा खालून आत ओढली जाते. मागची कड दोन बोटे उचलली जाईल असे काही खाली ठेवावे. दोन जुन्या वह्या पुरतात, कूलिंग पॅड घेण्याआधी हे करून पाहावे. दोन-तीन वर्षांचा लॅपटॉप असेल तर आतली जाळी साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

एक उपाय उलटा वाटेल. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की इंटेलच्या बऱ्याच चिपचा टर्बो, म्हणजे गरजेनुसार वेग वाढवण्याची सोय, बंद होतो. प्रोसेसर मंदावतो खरा, पण सामाईक वॅटांतले त्याने सोडलेले ग्राफिक्सच्या वाट्याला येतात आणि ग्राफिक्सवर अडलेला गेम त्यामुळे अधिक स्थिर चालतो. प्रोसेसरवर अवलंबून असणाऱ्या गेममध्ये, उदाहरणार्थ हजारो सैनिकांच्या डावपेचांच्या गेममध्ये, हाच उपाय नुकसान करतो. करून पाहावे आणि पटले नाही तर आकडा परत १०० करावा.

१२. चार्जर काढला की वेग निम्मा होतो. बॅटरी खराब आहे का?

बहुधा नाही. बॅटरीवर असताना लॅपटॉप चिपला मुद्दाम कमी वॅट देतो. गेम खेळताना चार्जर लावावा, आणि तो यंत्राबरोबर आलेल्या क्षमतेचाच असावा. मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावल्यास चार्जिंगचे चिन्ह दिसते पण वेग उतरलेलाच राहतो.

१३. ग्राफिक्स कार्ड आत बसवून किंवा बाहेरून जोडून घेता येईल का?

आत नाही, तशी जागाच नसते. बाहेरून जोडायचे तर थंडरबोल्ट ३, थंडरबोल्ट ४ किंवा ती सोय असलेले यूएसबी४ पोर्ट लागते, ज्याची वाट सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंतची असते. नुसत्या टाइप-सी आकाराच्या पोर्टवर हे होत नाही. पोर्ट असले तरी पेटी, तिचा वीजपुरवठा आणि कार्ड यांचा एकत्रित खर्च पाहिला की तेवढ्यात जुना डेस्कटॉप उभा राहतो. एसएसडीच्या एम.२ खाचेतून वायर काढून कार्ड जोडणारे स्वस्त बोर्डही मिळतात. झाकण उघडे ठेवून, शेजारी डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) मांडून खेळण्याची हौस असलेल्यांसाठी ते आहेत. लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरात मी ते सुचवणार नाही.

१४. मग क्लाउड गेमिंग हाच उपाय नाही का?

चांगल्या जोडणीवर आहे. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे केवळ चित्र येते, त्यामुळे ग्राफिक्स दुबळे असले तरी बिघडत नाही. एनव्हिडियाच्या सेवेची अपेक्षा ७२०पी साठी १५ आणि १०८०पी साठी २५ एमबीपीएस अशी आहे. त्याहून महत्त्वाचा आहे विलंब. तो ४० मिलिसेकंदांच्या आत असला तर उत्तम आणि ८० च्या पुढे गेला तर नेमबाजीचे गेम विसरावेत. २५ एमबीपीएसने तासाला ११ जीबींहून अधिक डेटा जातो, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवर हे परवडत नाही. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही आतल्या खोलीत, मध्ये जुन्या इमारतीची जाड भिंत, अशी स्थिती असेल तर वाय-फायऐवजी लॅनची केबल टाकावी. चाळीत किंवा दाटीच्या सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची डझनभर राउटर एकाच वेळी बोलत असतात. तेथे निदान ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे.

१५. सेटिंग कितीही कमी केल्या तरी गेम उघडतच नाही. ग्राफिक्स दुबळे असणे आणि न चालणे यात फरक आहे का?

आहे, आणि तो ओळखता आला तर बरेच रात्रीचे जागरण वाचते. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) आणि डूम: द डार्क एजेस (२०२५) यांना हार्डवेअरमध्येच रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशोब करण्याची) सोय लागते; यूएचडी, आयरिस एक्सई किंवा व्हेगामध्ये ती नाही, त्यामुळे रॅम किंवा सेटिंग यांनी काही होणार नाही. व्हॅलरंट विंडोज ११ वर उघडत नसेल तर ग्राफिक्सचा संबंध नसतो; बायोसमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी सुरू आहेत का ते पाहावे. तिसरी शक्यता ड्रायव्हरची, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. इंटेलने २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीच्या ग्राफिक्सना जुन्या गटात टाकले आणि तेव्हापासून त्यांना नव्या गेमसाठीच्या सुधारणा मिळत नाहीत, तरी शेवटचा उपलब्ध ड्रायव्हर इंटेलच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवणे हिताचे असते.

१६. एम्युलेटरवर (संगणकावर अँड्रॉइड गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बीजीएमआय हा गेम चालेल का?

बीजीएमआय मोबाइलसाठीच आहे आणि एम्युलेटरवर खेळल्यास खाते बंद होण्याचा धोका असतो. इतर अँड्रॉइड गेमसाठी एम्युलेटर वापरायचा असेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू करावे आणि रॅम किमान ८, शक्यतो १६ जीबी असावी.

१७. वॉरंटी चालू असताना मागचे झाकण उघडले तर वॉरंटी जाते का?

कंपनीनुसार नियम वेगळे आहेत. काही कंपन्या ग्राहकाने रॅम किंवा एसएसडी बदलण्यास मुभा देतात, काही स्क्रूवर चिकटवलेले लेबल फाटल्यास हात वर करतात. ग्राहक सेवेला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे, किंवा पट्टी स्वतः घेऊन अधिकृत सेवा केंद्रातच बसवून घ्यावी. स्वतः उघडणाऱ्यांनी चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण बंद करावा, आत शिरताच बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि रबरी पायांखाली लपलेले स्क्रू आहेत का ते झाकण ओढण्यापूर्वी तपासावे. बिजागरीजवळचे स्क्रू बहुधा लांब असतात आणि पुढचे आखूड. वाटीत सगळे एकत्र टाकण्याची आमच्यासारखी चूक न करता ते कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवावेत, कारण पुढच्या भोकात गेलेला लांब स्क्रू वरच्या बाजूला टचपॅडशेजारी टेंगूळ आणतो. आमच्या भाच्याच्या लॅपटॉपवर ते अजून आहे.